नवाबची दिवसपाळी

मी एका कबुतराचा संसार मोडला. आमच्या नात्यात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. लग्नामुंजीत जेवणं आटोपून सुपारी कातरायची वेळ झाली, की कोणीतरी ती हमखास काढतं. लोक पोट धरून हसतात, मीही हसतो. गोष्ट हसण्यासारखी आहेच. फक्त तिचा शेवट कोणी सांगत नाही, कारण तो मी आजवर कोणाला नीट सांगितलेला नाही.

'कबूतर' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे आलं ते आधी पुसून टाका. खिडकीच्या पत्र्यावर घूं घूं करत घाण करणारं ते हे नव्हे! हे कोंबड्याहून मोठं, चांगलं अडीच-तीन किलोचं. अंग राखी निळं, छाती जांभळट तांबडी, डोळे लालबुंद. आणि डोक्यावर निळ्या जाळीदार पिसांचा तुरा, हातपंखा उघडून उभा धरावा तसा, प्रत्येक पिसाच्या टोकाला पांढरी किनार. ऑस्ट्रेलियाच्या वरच्या अंगाला न्यू गिनी नावाचं मोठं बेट आहे, तिथल्या ओल्या, गर्द जंगलात हे राहतं. राहतं म्हणजे चालतं! पंख असून उडायचा कंटाळा. खाली पडलेली फळं वेचत जोडीजोडीनं फिरायचं, आणि घाबरलं किंवा झोपायची वेळ झाली तरच फांदीवर जायचं. एके काळी विलायती बायकांच्या टोप्यांवर तुरे खोवायला यांची भरपूर कत्तल झाली म्हणे.

(हे सगळं ज्ञान मला अरबाबच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या, दिवाणखान्यातल्या एका जाडजूड पुस्तकातून मिळालं. त्यात या कबुतरावर दोन पानं होती. पहिलं मी तीनदा वाचलं. दुसऱ्यावर चित्र नव्हतं म्हणून सोडून दिलं.)

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आखातातल्या खलिफा सिटीत तेव्हा व्हिला कमी आणि वाळू जास्त. मी अरबाबच्या कंपनीत स्टोअरकीपर होतो. सिमेंटच्या गोण्या, शटरिंगच्या प्लायवूडच्या शीटा, वॉचमन लोकांच्या दिवसपाळ्या-रात्रपाळ्या, सगळं माझ्या रजिस्टरमध्ये. माझ्याविषयी साइटवर म्हणत, की दिवाकरला रिकामी भिंत दिसली तरी तो तिच्यावर तक्ता चिकटवेल. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करतो.

राहायला कंपनीची खोली, सहा जणांत एक. पण सुट्टीत चिपळूणला जाऊन आलो, माझी बायको नीला गरोदर राहिली आणि तिला इथे आणायला अरबाबनं स्वतःच्या व्हिलाच्या मागची दोन खोल्यांची जागा आम्हाला दिली. बाळंतपणापुरती. पुढचं पुढे बघू, असं ठरलं. मला मात्र आत्ताच बघायचं होतं. ती जागा कायमची मिळाली, तर बायको-मूल माझ्याजवळ राहणार. नाही मिळाली, तर दोघं चिपळूणला आणि मी परत सहा जणांत. एवढा साधा हिशोब होता.

त्या जागेच्या बाजूलाच अरबाबचं पक्षीघर. काचेचं आणि जाळीचं. आत केळी, पाम, छतातून तासातासाला पाण्याचे बारीक तुषार आणि चोवीस तास एसी. (बाहेर पंचेचाळीस डिग्रीत आमच्या खोलीचा एसी खोकत असायचा. कबुतरांचा कधी खोकला नाही.) तिथे या कबुतरांची एकच जोडी. दिसायला दोघं एकसारखी, म्हणून कासमभाईंनी नराच्या पायात हिरवी रिंग घातलेली आणि मादीच्या पायात लाल. नावं नवाब आणि बेगम.

कासमभाई दापोलीकडचे. बावीस वर्षं आखातात, त्यातली बारा पाखरांत. दोन वर्षांनी दीड महिन्याच्या सुट्टीवर निघाले, तेव्हा पक्षीघराची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "भाव, पपई बारीक कापून टाका, द्राक्षं टाका, चणे भिजवून टाका, पानी बदला, नि भायेर या."

"आणि?"

"नि काय? संपला."

"अहो, पण अंडं वगैरे घातलं तर?"

"घातलान तर घातलान. तीन वरसं घालीत नाय ती. घातलान तरी तुमी कायपन करू नका. तेच काम हाय."

मी रजिस्टर उघडून बसलो होतो. 'कायपन करू नका' हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळेना, म्हणून लिहिलंच नाही.

आठवड्याभरात माझ्या सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. लेकीच्या बाळंतपणाला येणाऱ्या कोकणातल्या आईच्या बॅगेत जे असतं ते सगळं होतं. हळीव, डिंक, खारका, बाळंतशोपा, वेखंड, सव्वा किलो ओवा आणि लोखंडी शेगडी! शेगडी विमानतळावर उघडून बघितली गेली. सासूबाईंनी त्या कस्टमवाल्याला चिपळुणी मराठीत शेक-शेगडीचं महत्त्व समजावून सांगितलं आणि त्यानं ती हात जोडून परत दिली. मी स्वतः काचेतून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याबरोबर पक्षीघरात आल्या. नवाब तुरा उभारून समोर आला, थांबला, मान खाली घातली ती पार जमिनीला टेकेपर्यंत, शेपूट पिसाऱ्यासारखं पसरून वरखाली केलं आणि पोटातून आवाज काढला, "हुंऽऽ हुंऽऽ."

सासूबाई हरखल्याच! "अगोबाई! नमस्कार करतोय हो मला!"

"आई, पक्षी आहे तो."

"म्हणूनच म्हणते. पक्ष्याला कळतं मोठं माणूस आलं की वाकायचं." यावर त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली. आदल्या दिवशी विमानतळावर सामान उचलायच्या गडबडीत मी वाकायला विसरलो होतो.

तेव्हापासून रोज सकाळी त्या पदर खांद्यावर घेऊन नमस्कार स्वीकारायला जाऊ लागल्या. नवाब वाकायचा, सासूबाई "औक्षवंत हो" म्हणायच्या.

आणि मग अंडं आलं. केळीमागच्या लाकडी फळीवर काटक्याकुटक्या रचून केलेल्या घरट्यात एकच, पांढरंशुभ्र. मी अरबाबला सांगायला धावलो. ते दुसऱ्या दिवशी उन्हाळ्यासाठी परदेशी निघणार होते. पक्षीघराच्या काचेला नाक लावून लहान मुलासारखे उभे राहिले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, "दिवाकर, तीन साल! तुम देखो इसको. बच्चा आएगा, इन्शाल्ला. मैं वापस आएगा, फिर तुम्हारा घर का भी बात करेगा."

झालं! अंडं फुटलं तर घर, असा मी अर्थ लावला. त्यांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी एका दमात सांगितल्या होत्या. त्यांना जोडणारी दोरी मी माझ्या पदरची बांधली.

त्या दिवसापासून मी नीलापेक्षा बेगमकडे जास्त लक्ष देऊ लागलो. (हे नीलाचं वाक्य आहे, पण बरोबर आहे.) मी अंड्याचं स्वतंत्र रजिस्टर केलं. चार दिवसांच्या नोंदी अशा होत्या: सकाळी नऊच्या सुमारास नवाब घरट्यापाशी येतो, बेगम उठते, नवाब बसतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास बेगम येते, नवाब उठतो, बेगम बसते. चारही दिवस तेच, घड्याळ लावून.

आता मला सांगा, जो माणूस पोटासाठी वॉचमनच्या पाळ्या लावतो, त्याला हे बघून काय कळायला हवं? पाचवीतल्या पोराला कळलं असतं. मी त्या पानाच्या खाली लाल पेनानं लिहिलं: 'नवाब दिवसभर अंडं अडवून बसतो. बेगमला बसू देत नाही.'

हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या लगेच उठून बघायला आल्या. नऊ वाजत होते. नवाब आला, घरट्याशी उभा राहिला, बेगम उठून बाजूला झाली.

"बघा, बघा! उठवलंन तिला!" सासूबाई कळवळल्या. "बाळंतीण आहे हो ती! आणि दिवाकरराव, मी म्हणते, बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणसाचं काम काय?"

"तेच तर!"

"आमच्याकडे बारा दिवस बाप उंबऱ्याच्या आत येत नाही. तुमचे सासरे तर नीलाच्या वेळी खोलीच्या बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचायचे. काही अडलं का कोणाचं?"

नीला आतून ओरडली, "अहो, कासमभाईंना फोन करून विचारा की!"

फोन करता आला असता. त्यांच्या शेजाऱ्याकडे फोन होता आणि नंबर रजिस्टरच्या पहिल्याच पानावर मी सुवाच्य अक्षरात लिहिला होता. पण कबुतराच्या बायकोची गोष्ट विचारायला आंतरराष्ट्रीय फोन करायचा? मला कमीपणा वाटला. आज वाटतं, तो एक फोन केला असता तर बरंच काही वेगळं झालं असतं.

पक्षीघराला लागून एक छोटा पिंजरा होता, मध्ये सरकतं दार. नवाबला तिकडे हलवायचं ठरलं. मी चादर घेऊन गेलो, सासूबाई लाटणं घेऊन. (लाटणं कशासाठी, हे त्यांना आजतागायत सांगता आलेलं नाही.) आम्हाला बघून नवाब घरट्यावरून उतरला, समोर आला आणि वाकला.

"थांबा हो, नमस्कार करतोय, करू दे," सासूबाई म्हणाल्या.

मी सभ्यपणे थांबलो. नवाबनं वर होऊन पंखाची अशी एक सणसणीत थप्पड माझ्या कानाखाली वाजवली, की चष्मा उडून पपईच्या ताटात पडला! कबूतर हा शांतीचा पक्षी आहे असं ज्यानं ठरवलं, त्यानं हे कबूतर पाहिलं नसणार. मी चादर फेकली, ती सासूबाईंवर पडली. त्यांनी आतून लाटणं चालवलं, ते मला लागलं. नवाब चालत चालत, स्वतःहून, छोट्या पिंजऱ्यात गेला आणि मी दार सरकवलं. कडी लावली. रजिस्टरमध्ये नोंद केली: 'नवाब — बदली.'

बेगम रात्रभर अंड्यावर बसली होती. आता घरटं रिकामं दिसलं तशी ती परत येऊन बसली. अकरा वाजता उठली, जाळीपाशी गेली, परत आली, बसली. दुपारी भूक लागली तेव्हा उठून द्राक्षं खाल्ली, पाणी प्यायली, थोडं फिरली, परत बसली. दुसऱ्या दिवशी फिरणं वाढलं. मी लिहिलं: 'बेगम — कामात ढिलाई.' जाळीच्या पलीकडे नवाब या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता, परत फिरत होता, परत चालत होता. आणि दिवसभर तो आवाज, "हुंऽऽ."

"पोटात वात धरलाय मेल्याच्या," सासूबाईंनी निदान केलं. "आणि बेगमचंही चित्त थाऱ्यावर नाही. धुरी दिली पाहिजे."

"पक्ष्यांना?"

"बाळंतीण ती बाळंतीण!"

तिसऱ्या दिवशी दुपारी शेगडी पेटली. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशोपा, लसणाची सालं आणि भरीला थोडं वेखंड. आमच्या घराण्यातल्या सात पिढ्या या धुरीवर पोसल्या गेल्या आहेत, पण त्या पिढ्यांनी ती चारी बाजूंनी बंद काचेच्या खोलीत घेतली नव्हती! दोन मिनिटांत आत केळ दिसेना की पाम. बेगम फडफडत सगळ्यात उंच फांदीवर जाऊन बसली. सासूबाई खोकत "औक्षवंत हो, औक्षवंत हो" म्हणत होत्या, बहुतेक मलाच.

बाहेरून अरबाबचा ड्रायव्हर गुलखान ओरडला, "आग! ओये, आग लग गई!" सहा फुटी पठाण. त्यानं मागचापुढचा विचार न करता बागेचा पाइप उचलला, पूर्ण सोडला आणि दारातून आत धरला.

"गुलखान, बंद करो! धुरी है! धुरी!"

"क्या छुरी? किधर छुरी?"

"अरे, खलास! पानी बंद करो!"

तोपर्यंत शेगडी विझली होती, सासूबाई नखशिखान्त भिजल्या होत्या आणि पाण्याचा लोट केळीमागच्या फळीवरून घरट्यातून खाली वाहत होता. अंडं काटक्यांत अडकून तेवढं राहिलं होतं. ओलंगच्च.

नीला दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिला हसू आवरेना. भिंतीला धरून, डोळ्यांतून पाणी काढून ती हसत होती. मग हसता हसता एकदम थांबली आणि पोटाला हात लावून म्हणाली, "अहो, गाडी काढायला सांगा."

गुलखान तसाच भिजका गाडीत बसला. मागे नीला आणि ओव्याच्या वासाच्या सासूबाई, पुढे मी. त्या घाईत पक्षीघराचं दार मी नीट लावलं, शेगडी बाहेर काढली, पाइप गुंडाळून ठेवायला सांगितला. एवढं सगळं सुचलं. फक्त मधलं सरकतं दार उघडावं, हे सुचलं नाही.

हॉस्पिटलमध्ये प्रसूतीच्या भागात पुरुषांना सोडत नसत. सासूबाई आत गेल्या. दारातल्या मल्याळी सिस्टरनं मला हातानं अडवलं, "यू वेट देअर."

"सिस्टर, मैं हसबंड हूँ."

"हसबंड भी उधर."

दार बंद झालं. त्या दाराला वरच्या बाजूला काचेची एक चौकोनी फट होती. त्यातून दुसरं दार दिसायचं, बाकी काही नाही. मी कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागलो. परत फिरलो. परत चाललो. आतून कोणी कण्हल्याचा आवाज आला की फटीपाशी जायचं, सिस्टर बाहेर आली की बाजूला व्हायचं. गुलखान बाकावर बसला होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "भाई, बैठ जाओ. उस कबूतर का माफिक चलता है तुम."

तो सहज बोलला होता. पण माझे पाय जागच्या जागी थांबले. तीन दिवस जाळीपाशी चालणारा नवाब माझ्या डोळ्यांपुढे आला, आणि माझं रजिस्टर आलं. सकाळी नऊ, संध्याकाळी पाच. तसंच परत जावं आणि ते दार उघडावं, असं फार वाटलं. पण आत नीला होती. गुलखानला पाठवलं असतं तर त्यानं कुठलं दार उघडलं असतं कोण जाणे.

दिवस मावळताना मुलगी झाली. सिस्टरनं ती मला फटीतून दाखवली. फटीतूनच!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी आलो आणि आधी सरकतं दार उघडलं. नवाबनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ चालत केळीमागे गेला, फळीवर चढला, त्या ओल्या काटक्या चोचीनं एक एक करून सारख्या केल्या आणि अंड्यावर बसला. नऊ वाजले होते. संध्याकाळी पाचला बेगम आली, तो उठला. मी रजिस्टर बंद करून कपाटावर टाकलं आणि पुन्हा उघडलं नाही. दोघं पाळीपाळीनं बसत राहिली. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. मी रोज जाऊन पपई टाकायचो आणि बाहेर यायचो.

कासमभाई परत आले तेव्हा बसायचे दिवस उलटून गेले होते. त्यांनी अंडं हातात घेऊन कानाशी हलवलं, उजेडात धरलं आणि खिशात ठेवलं. मी सगळं सांगितलं, धुरीसकट. मला वाटलं ते रागावतील.

"भाव," ते म्हणाले, "दिवसाची डूटी बापाची असते. रातची आईची. म्हयनाभर बसायचा असतो, एक मानूस बसून कसा होईल? नि पिल्लू झाला की बापाच्या गळ्यातपन दूध येतो. दोघां मिळून पाजतात."

"बापाच्या गळ्यात दूध?"

"होय तर. देवानं ह्यांच्यात बापाला सूट दिलान नाय." मग म्हणाले, "माझा पोरगा चार वरसांचा झाला. दोन येळा बघितलाय मी त्याला."

मी अरबाबच्या दिवाणखान्यात जाऊन ते पुस्तक काढलं. दुसरं पान. सगळं लिहिलेलं होतं. चित्र नव्हतं एवढंच. शेवटी असंही होतं, की हा पक्षी मान वाकवून, शेपूट हलवून, पोटातून आवाज काढतो तो एक तर मादीला रिझवायला, नाहीतर हद्दीत घुसलेल्याला हाकलून लावायला. सासूबाई महिनाभर रोज सकाळी पदर घेऊन 'चालती हो' ऐकत होत्या आणि वर आशीर्वाद देत होत्या! हे मी त्यांना सांगितलं नाही. आधीच त्या अंड्यासाठी दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

अरबाब यायला अजून तीन आठवडे होते. सासूबाईंचा व्हिसा संपत आला होता. नीला म्हणाली, "मी थांबते. ते आले की विचारा घराचं."

"कुठल्या तोंडानं विचारू? त्यांचं तीन वर्षांनी आलेलं अंडं मी घालवलं."

"एकदा विचारून तर बघा. नाही म्हणाले तर जाईन मी."

"नको. नाही म्हणतील ते ऐकण्यापेक्षा आधीच गेलेलं बरं."

तिनं मुलीला छातीशी धरलं. चाळीस दिवसांची मुक्ता, तिची आई आणि आजी, तिघींना मी विमानात बसवलं. शेगडी या खेपेला कोणी उघडून बघितली नाही. परतल्यावर मी दोन्ही खोल्या झाडून, पुसून, किल्ली ऑफिसात जमा केली. किल्ली जमा केल्याची पावतीसुद्धा घेतली, सवयीनं. आणि सहा जणांत राहायला गेलो.

अरबाब आले. कासमभाईंनी अंड्याची हकीकत सांगितली, त्यांनी मान हलवली. मी दोन आठवडे त्यांच्यासमोर जायचं टाळलं. स्टोअरमध्ये माल मोजायचं नाटक करत बसायचो. शेवटी एक दिवस तेच स्टोअरमध्ये आले.

"दिवाकर, तुम्हारा बच्चा किधर है? मैं लंडन से बच्चे का कपड़ा लाया."

"इंडिया भेज दिया, अरबाब."

"क्यों? घर तो था!"

"वो... अंडा..."

"अंडा फिर आएगा, हबीबी! कबूतर है, फिर देगा." ते माझ्याकडे बघत राहिले. "तुमने चाबी वापस दिया. मैं समझा तुमको नहीं चाहिए. परसों कुक का फॅमिली को दे दिया."

त्यांनी लहान मुलीचा गुलाबी फ्रॉक माझ्या हातात ठेवला आणि खांद्यावर थोपटून गेले. मी सिमेंटच्या गोणीवर बसलो. मला रडू आलं, लपवून ठेवण्यात अर्थ नाही. जिथे कायपन करायचं नव्हतं तिथे मी चादर, पिंजरा, रजिस्टर सगळं केलं होतं. आणि जिथे नुसतं एक वाक्य विचारायचं होतं, तिथे हातावर हात ठेवून बसलो होतो.

पुढची पाच वर्षं मी मुक्ताला वर्षाकाठी एक महिना बघितलं. पहिलं पाऊल, पहिला दात, सगळं मला पत्रानं आणि फोननं कळलं. एकदा नीलानं फोन तिच्या कानाला लावला तर ती फोनलाच 'बाबा' म्हणाली. नीला हसली. मीही हसलो.

ती पाच वर्षांची झाली तेव्हा मी दोघींना महिन्याच्या व्हिजिटवर आणलं. दुसऱ्याच दिवशी कासमभाईंचा निरोप: नवाब-बेगमला पिल्लू झालंय, पोरीला दाखवायला आणा.

मुक्ता माझं बोट धरून काचेपाशी उभी राहिली. ती आईला 'ए' म्हणते, आजीला 'ए' म्हणते, मला मात्र 'अहो'. आत फळीवर मळकट पिसांचं एक पिल्लू होतं आणि त्यानं आपली चोच पार डोळ्यांपर्यंत नवाबच्या तोंडात घातली होती.

"अहो बाबा, ते काय करतायत?"

"दूध पाजतोय तो पिल्लाला."

"म्हणजे ती आई आहे."

"नाही. हिरवी रिंग दिसते ना? तो बाबा आहे. ह्यांच्यात बाबापण पाजतात."

तिनं काचेला नाक लावलं. मग म्हणाली, "ह्यांचे बाबा घरीच असतात?"

कासमभाई पाण्याचं भांडं घासायला लागले. ते आधीच घासून झालेलं होतं.

"हो," मी म्हणालो. "दिवसा बाबा बसतात, रात्री आई."

"रोज?"

"रोज."

"मज्जा आहे पिल्लाची."

तेवढ्यात नवाबचं पाजून झालं. तो फळीवरून उतरला आणि जाळीशी आला. मुक्ताकडे बघितलं, कासमभाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. तुरा उभारला, मान जमिनीला टेकवली, शेपूट पसरून हलवलं आणि पोटातून आवाज काढला, "हुंऽऽ."

मुक्ता टाळ्या पिटत ओरडली, "अहो बाबा, बघा! तुम्हाला नमस्कार करतोय!"

"नमस्कार नाही गं," मी म्हणालो. "ओळखलंय त्यानं मला."